थेटरात पाहायचे ते वेगळे

प्रिय बाळा,

थेटरात लागणाऱ्या सोव्हिएत चित्रपटांची यादी पोचली. चारच तिकिटं परवडतील म्हणतोस, आणि जे सगळ्यांत गाजलेले त्यांच्यावर खुणा करून पाठवल्या आहेस. तसं निवडू नकोस. गाजलेला चित्रपट कुठे पळून जात नाही. मॉसफिल्म या तिथल्या मोठ्या स्टुडिओनेच आपले कितीतरी चित्रपट सबटायटलसकट यूट्यूबवर ठेवले आहेत. प्रत्येक नावापुढे एवढंच विचार, की घरी पाहिला तर यातलं काय हातून जाईल?

तुझी पहिली खूण 'द आयरनी ऑफ फेट'वर आहे. गोड चित्रपट आहे, पण रियाझानोव्हने तो टीव्हीसाठीच केला. १ जानेवारी १९७६ ला तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथली घरं दर नववर्षाला तो पाहत आली. तूही घरीच पाहा, आईला शेजारी बसवून. 'बॅटलशिप पोटेमकिन' या मूकपटाला मात्र कुणी प्रत्यक्ष बसून संगीत वाजवणार असेल, तर नक्की जा.

पहिलं तिकीट 'द क्रेन्स आर फ्लाइंग'चं काढ. कालातोझोव्हचा हा १९५७ चा चित्रपट, पुढच्याच वर्षी कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मी तो एका फिल्म सोसायटीत १६ मिमीच्या घासलेल्या प्रिंटवर पाहिला. रीळ बदलायला दिवे लागले तेव्हा शेजाऱ्याकडे बघवेना, डोळे भरले होते. युद्धावर निघालेल्या बोरिसला गाठायला व्हेरोनिका बसने निघते. कॅमेरा तिच्याबरोबर बसमध्ये असतो. ती उतरते, कॅमेराही उतरतो, गर्दीतून तिच्या मागे जातो आणि मधे कुठेही न तुटता एकदम वर उचलला जातो. खाली रणगाड्यांच्या मधून ती धावत सुटलेली. हे काम कॅमेरामन उरुसेव्स्कीचं. पण बोरिसपर्यंत ती पोचतच नाही. ती त्याच्या दिशेने बिस्किटांचा पुडा फेकते, तो फुटतो, आणि निघालेल्या सैनिकांच्या पायांखाली बिस्किटांचा चुरा होतो. लॅपटॉपवर ते क्षणात निसटून जातं. थेटरात ते बूट तुझ्या अंगावरून जातात.

दुसरं तार्कोव्हस्कीच्या 'स्टॉकर'चं. तो संथ आहे असं तुला दहा जण सांगतील, आणि म्हणूनच तो घरी पाहू नये. तिघे जण रुळांवरच्या छोट्या गाडीवर बसून 'झोन' नावाच्या बंदी घातलेल्या प्रदेशात शिरतात. तीन-साडेतीन मिनिटं आपल्याला दिसतात त्यांचे चेहरे, त्यांच्या माना, मागे सरकणारी पडीक जागा. चाकांचा खटखट आवाज हळूहळू बदलत जातो, त्यात आर्तेम्येव्हचं संगीत कधी मिसळलं ते कळत नाही. तोवर सगळं मातकट असतं, आणि मग पडदा हिरवा होतो. घरी तेवढ्या वेळात हात मोबाइलकडे गेलेला असतो. अंधारात तुला दुसरं काही करायला नसतं, आणि तार्कोव्हस्कीला तोच तुझा वेळ हवा आहे.

तिसरं 'द असेंट', लारिसा शेपित्को यांचा, १९७७ चा. याच्यावर तुझी खूणच नाही. त्या वर्षी बर्लिन महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण अस्वल, त्याला मिळालं. जर्मनांनी व्यापलेल्या बेलारूसमध्ये, बर्फात अडकलेले दोन पार्टिझान, म्हणजे गनिमी लढवय्ये. छोट्या पडद्यावर तो बर्फ नुसता पांढरा डाग वाटतो. मोठ्या पडद्यावर त्यात वारा दिसतो, खोली दिसते, माणूस किती खोल रुतलाय ते दिसतं. शेवटाकडे फासाखाली उभ्या माणसाची नजर गर्दीतल्या एका पोरावर जाते. त्या दोन चेहऱ्यांसाठी तरी तिकीट काढच.

चौथ्याला 'कम अँड सी' (१९८५). दिग्दर्शक क्लिमोव्ह हे शेपित्को यांचे पती. १९७९ मध्ये मोटार अपघातात त्या गेल्या, त्यानंतरचं हे काम. बॉम्ब पडल्यावर फ्लोर्या या त्यातल्या पोराच्या कानात जी शीळ घुमते, ती थेटरच्या स्पीकरमधून आपल्याही कानात भरते, आणि पुढचा बराच वेळ जग त्याच बधिर कानांनी ऐकावं लागतं. शेवटी पडद्यावर येतं की बेलारूसमधली ६२८ गावं माणसांसकट जाळली गेली. हा आणि 'द असेंट' एका दिवशी पाहू नकोस, आणि याला एकट्याने जाऊ नकोस. मन तयार नसेल तर सरळ वगळ, त्यात कमीपणा काही नाही. त्याऐवजी झिगा व्हेर्तोव्हचा १९२९ चा 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' घे. तो सुरूच रिकाम्या थेटरात होतो: खुर्च्या आपोआप खाली पडतात, माणसं येऊन बसतात, वादक वाद्यं सरसावून थांबतात. तू तसाच खुर्चीत बसून ते पाहत असशील.

सबटायटल वाचताना मान हलवावी लागणार नाही अशी मधली रांग घे. प्रिंट ३५ मिमीच्या रिळाची आहे की डिजिटल, तेही विचारून ठेव. रीळ असेल तर त्या खेळाला प्राधान्य दे.

तिकिटं काढलीस की कळव. 'क्रेन्स'ला मीही येतो. माझं तुझ्याच रांगेत काढ, कडेचं. गुडघा हल्ली फार वेळ दुमडून ठेवता येत नाही.

तुझा,
काका