न खोदता अडलेला व्हॉल्व्ह सापडतो का?

तुमच्या लाइनवर सापडेल. बावधनच्या सोसायटीत तळटाकीपासून टेकडीवरच्या टाकीपर्यंत ८०० मीटर डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे लोखंडी) लाइन, पाणी कमी चढतंय आणि मधले दोन स्लूस व्हॉल्व्ह (आतलं गेट वर-खाली करून पाणी अडवणारे) पेव्हर ब्लॉकखाली गडप, असं तुम्ही लिहिलंय. सलग, बिनफाट्याची लाइन असेल तर दाबाच्या लाटेची टेस्ट चांगली चालते: पाण्यात दाबाची लाट सोडायची आणि ती कुठून परतते ते दाबाच्या आलेखात बघायचं. पेठेतल्या जुन्या जाळ्यावर मात्र प्रत्येक कनेक्शनवरून लाट परतते आणि आलेखाची खिचडी होते.

आधी पंपापाशी गेज बघा. दाब वाढून पाणी घटलं असेल तर पुढे काहीतरी अडलंय. दाबही उतरला असेल तर पंप किंवा गळती तपासा, या भानगडीत पडू नका.

टेस्ट पंप चालू ठेवूनच घ्यायची. एनआरव्हीच्या (पाणी पंपाकडे उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) पुढच्या टॅपिंगवर, म्हणजे लाइनला काढलेल्या छोट्या तोंडावर, इंची बॉल व्हॉल्व्ह उघडायचा, पाणी वाहू द्यायचं आणि झटक्यात बंद करायचा, त्यानेच लाट निघते. अर्धवट बंद व्हॉल्व्हवरून लाट दाब वाढवत परतते, अडकलेल्या हवेवरून किंवा गळतीवरून दाब पाडत. लाइनमधलं पाणी थांबलेलं असेल तर अर्धा उघडा व्हॉल्व्ह आलेखात जवळजवळ दिसतच नाही. (पंप बंद करून टेस्ट घेणारे आणि ‘सगळं ठीक’ म्हणून बिल लावणारे महाभाग आहेत.) मुख्य व्हॉल्व्ह मात्र दाणकन बंद करू नका, वेग सेकंदाला १ मीटरने एकदम तुटला तर डीआयमध्ये साधारण ११ बार जादा दाब बसतो.

गेजच्या काट्याला हे सगळं टिपता येत नाही, सेकंदाला हजारेक नोंदी घेणारा सेन्सर लागतो.

हिशेब सोपा आहे. समजा वरच्या टाकीवरून लाट १.४५ सेकंदांनी परतली. जाऊन-येऊन १६०० मीटर, म्हणजे वेग सुमारे ११०० मीटर प्रति सेकंद. मध्येच ०.६२ सेकंदाला दाब उडी मारत असेल, तर जाण्या-येण्याचं निम्मं धरून अडथळा ३४० मीटरच्या आसपास. वेग पुस्तकातून घेऊ नका, असा आपल्याच लाइनवर काढा.

आणि प्लंबरला विचारा, दुरुस्तीत कुठे एचडीपीई (प्लास्टिकचा पाइप) घातलाय का. त्यात लाट सेकंदाला तीनेकशे मीटरच जाते, त्यामुळे २० मीटरचा तुकडासुद्धा त्यापुढचं अंतर पन्नासएक मीटरने चुकवतो. चुकीच्या जागी ब्लॉक उखडले की कमिटी तुम्हालाच धरणार.

चेंबर सापडल्यावर चावी लावून फेरे मोजा. कुठेच न अडकता स्पिंडल फिरतच राहिला, तर गेट सुटून खाली बसलंय. तो व्हॉल्व्ह ‘उघडा’ दिसला तरी बदलावाच लागेल.