टॅटू शिकायला जाण्याआधी चित्रकलेचं कोणतं शिक्षण घ्यावं?

टॅटू आर्टिस्टच्या हाताखाली शिकायचंय, तर आधी पेंटिंगची पदवी करू, डिजिटल शिकू की रेखाटनाचा साधा क्लास लावू, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, रेखाटनाचा क्लास लावा, आणि तोही शाईच्या पेनाने काम करून घेणारा.

मी पेंटिंग शिकून या कामात आले. रंग कळत होते, छायाप्रकाश जमत होता. पण ज्यांच्याकडे शिकायला गेले त्यांनी आधी वीतभर लांब रेघ एका दमात काढायला सांगितली. माझी रेघ तुकडे जोडत काढलेली, केसाळ. कॅनव्हासवर ते खपून जातं. कातडीत शाई साधारण १ ते २ मिलिमीटर खोल बसवावी लागते; उथळ राहिली तर खपलीबरोबर निघून जाते, फार खोल गेली तर रेघेभोवती निळसर डाग पसरतो. नीट बसलेली रेघसुद्धा वर्षं सरतात तशी जाड होते, म्हणून दोन रेघांमध्ये किती जागा सोडायची हे कागदावरच ठरवावं लागतं. खोडरबराशिवाय काढायची सवय लागली की हा विचार आपोआप हातात येतो.

जोडीला मानवाकृतीचं रेखाटन हवंच, शक्यतो समोर माणूस बसवून. आत्ता करून बघा: तळहात वर ठेवून मनगटापासून कोपरापर्यंत पेनाने सरळ रेघ ओढा आणि हात पालथा करा. रेघ पिळली जाते, कारण आतलं एक हाड दुसऱ्यावरून फिरतं. हे माहीत नसेल तर सुंदर डिझाइनही अंगावर वाकडं दिसतं.

वेळ उरला तर जलरंग करा. त्यात पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद, तसंच टॅटूत उजेड म्हणजे मोकळी सोडलेली त्वचा. डिजिटल नंतर शिकता येतं. सुरुवातीलाच त्यावर बसलात तर चूक पुसायची सवय लागते.

एक कळकळीची विनंती. घरी मशीन आणून स्वतःवर किंवा मित्रांवर हात साफ करू नका. सुईतून हिपॅटायटिस बी आणि सी पसरतात, आणि स्वच्छतेचे नियम उमेदवारीतच अंगी बाणतात. तोवर सराव सिलिकॉनच्या कातडीवर करा.

माझी पदवी कुणी विचारली नाही, वह्या मात्र शेवटच्या पानापर्यंत चाळल्या. तुम्हीही क्लास ठरवण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्या बघायला मागा.