फॉरमॅट मारण्याआधी पंख्याचं ऐका

प्रश्न : माझा लॅपटॉप चार वर्षांचा आहे. सुरू केल्यावर ठीक चालतो, पण अर्ध्या तासात तापतो, पंखा घोंघावायला लागतो आणि टाइप केलेलं अक्षर उमटायलाही वेळ लागतो. भाचा म्हणतो, फॉरमॅट मार. लॅपटॉप वेगवान करतो म्हणणारा एक क्लीनर प्रोग्राम टाकून पाहिला, फरक नाही. रोज रात्री न चुकता शटडाउन करते. आणखी काय राहिलं? – एक वाचक

उत्तर : ताई, भाच्याला जरा थांबवा. फॉरमॅटने धूळ निघत नाही.

तुमच्या पत्रात मला ‘अर्ध्या तासात’ हे शब्द महत्त्वाचे वाटले. घोटाळा विंडोजचा असता तर मशीन बहुधा पहिल्या मिनिटापासून रखडलं असतं. इथे प्रोसेसर तापतोय. ठरावीक तापमान ओलांडलं की तो स्वतःला वाचवायला आपणच वेग कमी करतो.

लॅपटॉप गादीवर ठेवता का? बहुतेक लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा आत ओढतात. जाळी गादीत रुतली की गुदमरलाच. आधी टेबलावर ठेवून दोन दिवस बघा.

तरी तापला तर आत धूळ असणार. दुरुस्तीच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली, तरी एक मशीन विसरत नाही. पंखा जवळपास स्वच्छ, पण त्यामागे हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पात्यांवर नमद्यासारखा थर. चिमट्याने धरला तर अख्खा निघाला! बाहेरून जाळी पुसून तो कधीच दिसला नसता. झाकण उघडायची सवय असेल तर मशीन बंद करून, चार्जर काढून, दाबाच्या हवेने थोडं थोडं फुंका. तेवढ्या वेळ पंखा काडीने अडवून धरा. हवेने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जाऊ शकतं. तोंडाने फुंकू नका, ओलावा जातो. सवय नसेल तर कारागिराकडे द्या आणि थर्मल पेस्टही, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे पोचवणारा लेपही, बदलायला सांगा.

आता शटडाउनचं. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असली की शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणजे रात्री झोपलेलं मशीन सकाळी आंघोळ न करताच कामाला लागतं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’, म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे, ते बघा. रोज शटडाउन करूनही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसला तर नवल नाही. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, त्यात सगळं नव्याने उभं राहतं. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’मध्ये, म्हणजे मशीनसोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत, नको ती मंडळी बंद करा.

तो क्लीनर काढून टाका. बऱ्याचदा असे क्लीनरच त्या यादीत जाऊन बसतात.

एवढं करून मशीन सुरुवातीपासूनच रडत असेल तर मग भाच्याचं ऐका. त्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या चार-पाच फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. कॉपीची हिरवी पट्टी भरली एवढ्यावर विश्वास टाकू नका.