आधी गडद-फिकं, मग रंग

पत्र थोडक्यात : मी सिंधुदुर्गातली, बारावी सायन्सला आहे. गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये (गेम इंजिनात) एक गेम केला आहे. पावसाच्या तोंडावर एक मुलगी सड्यावरून (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून) धावते, पिकलेले रातांबे (कोकमाची फळं) गोळा करते, हिरवे टाळते, खेकड्यांवरून उड्या मारते. गेम नीट चालतो, पण बघणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘भडक दिसतंय’, ‘डोळ्यांना त्रास होतो’. तीन स्क्रीनशॉट सोबत पाठवते आहे. चित्रकला आपल्याला जमणार नाही असं समजून फक्त कोडिंग करावं का? की शहरातल्या एका संस्थेचा दीड लाखाचा, वर्षभराचा गेम आर्टचा कोर्स घ्यावा? बाबा म्हणतात, आधी इंजिनीअरिंगचं बघ.

उत्तर :

तुझे तिन्ही स्क्रीनशॉट मोठे करून पाहिले. तुझा हात कच्चा नाही. धावताना मागे उडणारी वेणी, उडी मारताना पोटाशी घेतलेले गुडघे हे ३२ पिक्सेलांच्या उंचीत ओळखू येतं, आणि तेवढ्या जागेत ते बसवणं सोपं नसतं. अडचण आहे ती रंगांच्या गडद-फिकेपणात. ती अभ्यासाने सुटते आणि त्यासाठी दीड लाख लागत नाहीत. म्हणून कोर्सचं शेवटी बघू, आधी चित्राचं.

पहिला स्क्रीनशॉट क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघड. सगळ्यात वर एक नवा लेअर घे, तो पूर्ण करड्या रंगाने भर आणि त्याचा ब्लेंड मोड (खालच्या चित्राशी मिसळायची रीत) ‘कलर’ कर. चित्र काळं-पांढरं होईल. आता मुलगी शोध. तिचा हिरवा परकर गवतात विरघळलेला दिसेल, तपकिरी खेकडा जांभ्यात गडप झालेला असेल, आणि सगळ्यात उजळ काय दिसेल, तर गवताचा पट्टा. म्हणजे खेळणाऱ्याची नजर सारखी गवताकडे ओढली जाते आणि मुलीला शोधायला त्याला दर वेळी कष्ट पडतात. डोळ्यांना त्रास होतो असं लोक म्हणतात, ते याचसाठी.

असं का झालं? लाल, हिरवा, निळा या क्रमाने तू आकाशाला ०, ०, २५५ असा निळा दिला आहेस, गवताला ०, २५५, ० आणि रातांब्याला २५५, ०, ०. कलर पिकरच्या (रंग निवडायच्या) एचएसव्ही खिडकीत ह्यू म्हणजे रंगाची जात, सॅच्युरेशन म्हणजे भडकपणा आणि व्हॅल्यू म्हणजे उजळपणा. तिथे तिघांचंही सॅच्युरेशन १०० आणि व्हॅल्यूही १०० दिसते, त्यामुळे ते सारखेच उजळ असतील असं वाटतं. डोळ्याचं गणित वेगळं आहे. स्क्रीनवरच्या पांढऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ असतो. तुझं आकाश त्यामुळे काळसर पडलं आणि गवत दिव्यासारखं पेटलं. कलर पिकरच्या व्हॅल्यूवर भरवसा ठेवू नकोस. दर अर्ध्या तासाने तो करडा लेअर चालू करून बघ.

आता दुरुस्ती. पडद्याचे तीन थर धर आणि प्रत्येकाला काळ्या-पांढऱ्याचा आपापला पट्टा नेमून दे. काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे १०० धरलं, तर मागचं आकाश आणि डोंगर ७० ते ८५ मध्ये ठेव, पायाखालचा सडा आणि गवत ४० ते ५५ मध्ये. मुलीला दोन्ही टोकं दे : केस आणि परकराची किनार १५-२०, चेहऱ्यावरचा आणि पोलक्यावरचा उजेड ९०. मग ती कुठेही उभी राहिली तरी सुटी दिसेल. परकराचा हिरवा सोड, हळदीचा पिवळा घे. खेकड्याची पाठ गडदच ठेव, पण नांग्या उजळ कर.

सॅच्युरेशनलाही असाच हात आवरता घे. मागच्या थरात ते ३० च्या वर जाऊ नये, जमिनीत ५५ च्या वर नको. ८० च्या पुढचा भडक रंग फक्त ज्याला हात लावायचा किंवा ज्यापासून पळायचं त्यालाच दे. पाऊस थांबल्यावर घराबाहेर जाऊन लांबच्या डोंगरांकडे बघ. तिथली झाडं हिरवीच असतात, पण मधल्या दमट हवेमुळे डोंगर फिका, निळसर-करडा दिसतो. तुझ्या मागच्या थराला नेमका तोच रंग हवा.

जांभ्याच्या टाइलवर, म्हणजे पुन्हा पुन्हा जोडून जमीन भरायच्या चौकोनी तुकड्यावर, जरा जास्त थांबू या, कारण सगळ्यात जास्त जागा तीच व्यापते. तू एक तपकिरी घेतलास, उजेडासाठी त्यात पांढरा मिसळलास आणि सावलीसाठी काळा. त्यामुळे उजेडाची बाजू खडूसारखी आणि सावलीची बाजू चिखलासारखी झाली. उजेड-सावली बदलताना रंगाची जातही थोडी सरकवावी लागते. मूळ रंग ह्यू १६, सॅच्युरेशन ५५, व्हॅल्यू ६० घे. उजेडाला पिवळ्याकडे सरक : २८, ४५, ७८. सावलीला लाल ओलांडून जांभळ्याकडे जा : ३५०, ५५, ३८. भोकांच्या आतल्या अंधाराला ३२०, ४५, २२. या चार रंगांत भिजलेला जांभा उभा राहतो. हे आकडे सुरुवातीपुरते धर आणि जांभ्याचा खरा चिरा शेजारी ठेवून त्यात फेरफार कर, तो तुझ्या अंगणातच असेल. १६ बाय १६ च्या टाइलमध्ये दोन-तीनच भोकं काढ. आत्ता नऊ आहेत, आणि एकच टाइल सगळीकडे लावल्यामुळे सडा छापील कापडासारखा दिसतो. तीन-चार वेगवेगळ्या टाइल करून त्या आलटून पालटून लाव.

दगडांच्या चारी कडांना तू सावली दिली आहेस, त्यामुळे ते उशीसारखे फुगीर दिसतात. उजेड डावीकडून वरून येतो असं एकदा ठरव आणि सगळ्या गेममध्ये तेच पाळ. मागच्या झाडांची काळी बाह्यरेषा काढून टाक.

रातांब्यांचं मात्र गांभीर्याने घे. पिकलेला आणि हिरवा यांचा आकार एकच आणि फरक फक्त लाल-हिरव्याचा. ज्यांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत अशी माणसं, विशेषतः पुरुष, बरीच असतात, आणि त्यांच्यासाठी तुझा गेम खेळण्याजोगाच राहत नाही. पिकलेला मोठा आणि गडद कर, त्यावर एक पांढरा ठिपका दे. हिरवा लहान, फिका आणि देठाला पान असलेला काढ. करड्या लेअरमध्येही दोघे वेगळे ओळखू आले, की झालं.

अजून एक दोष आहे, तो रंगाचा नाही, पण चित्र कच्चं दिसायला तोही तेवढाच कारण आहे. मुलगी तिप्पट मोठी केली आहेस, टाइल चौपट, आणि मागचा डोंगर गुळगुळीत ब्रशने थेट मोठ्या आकारात काढला आहेस. एकाच पडद्यावर तीन मापांचे पिक्सेल झाले. सगळा गेम ३२० बाय १८० मध्ये काढ. चौपट केलं की १२८० बाय ७२०, सहापट केलं की १९२० बाय १०८०, दोन्ही वेळा पूर्णांकातच वाढतं. गोडोच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टेक्स्चर फिल्टर ‘निअरेस्ट’ आणि स्ट्रेच मोड ‘व्ह्यूपोर्ट’ कर. दीडपट कधीच करू नकोस, काही पिक्सेल जाड आणि काही बारीक होतात.

सरावाला सहा आठवडे दे, रोज एक तास. पहिले दोन आठवडे फक्त चार करड्या छटा. १९८९ च्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राचा पडदा १६० बाय १४४ पिक्सेलांचा होता आणि त्यावर चारच छटा दिसायच्या, तरी त्यात अख्खे गेम स्पष्ट कळायचे. तुझा सडा त्या चारांत वाचता आला पाहिजे. पुढचे दोन आठवडे १६ रंगांचं एकच पॅलेट (ठरलेला रंगसंच) घे, पिको-८ या छोट्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचं चालेल, आणि त्याबाहेरचा रंग वापरायचाच नाही. पाचव्या आठवड्यात चित्र काढू नकोस : केनी या साइटवरचे सीसी-झिरो परवान्याचे (कुणीही कसेही वापरावेत असे) फुकट स्प्राइट, म्हणजे गेममधली तयार छोटी चित्रं, घे आणि तेच दृश्य सकाळ, भर पाऊस आणि रात्र असं तीनदा रंगव. सहाव्यात स्वतःचा पडदा पुन्हा कर.

आता कोर्स. हे सहा आठवडे होईपर्यंत पैसे भरू नका. त्यानंतरही जावंसं वाटलं, तर बाबांना घेऊन संस्थेत जा आणि मागच्या बॅचच्या विद्यार्थ्यांचं काम चालत्या गेममध्ये दाखवायला सांगा. नुसती भिंतीवर लावलेली चित्रं पुरेशी नाहीत. शिकवणाऱ्यांनी स्वतः कोणत्या गेमवर काम केलं, हे विचारा. मध्येच सोडल्यास फी किती परत मिळेल, ते लेखी घ्या. यातली एक जरी गोष्ट मिळाली नाही, तर पैसे न भरता परत या.

कोडिंग की चित्र, यातलं एक आज निवडायची गरज नाही. स्टुडिओंमध्ये टेक्निकल आर्टिस्ट नावाचं काम असतं. चित्र इंजिनात नीट दिसावं, शेडर (पडद्यावर रंग-उजेड कसा दिसावा ते ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) लिहावेत, कलाकारांना लागणारी टूल्स बनवावीत, हे त्याचं काम, आणि दोन्ही जमणारी माणसं कमी असतात. बाबांचा इंजिनीअरिंगचा आग्रह त्या वाटेला आडवा येत नाही. डिझाइनकडेच जायचं असेल, तर यूसीड ही डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई घेते, ती बारावीच्या कोणत्याही शाखेला खुली आहे आणि साधारण जानेवारीत होते. त्यात हाताने कागदावर चित्र काढायचा भाग असतो, म्हणून सरावाच्या तासातली पंधरा मिनिटं पेन्सिलीला दे.

पोर्टफोलिओत (दाखवायच्या कामांच्या संग्रहात) तीनच गोष्टी ठेव : हा सड्याचा पडदा, टाइलसेट (टाइलांचा संच) आणि मुलीचं धावणं. पडद्याचं आधीचं आणि नंतरचं रूप शेजारी लाव, खाली दोन्हींची करडी प्रत. तू नजर कशी कमावलीस, ते बघणाऱ्याला त्यातून थेट कळतं. पाठवण्याआधी संगणकाचा नाइट लाइट (रात्री पडदा पिवळसर करणारी सोय) बंद कर, आणि तो पडदा एखाद्या साध्या मोबाइलवर, भर उन्हात अंगणात उभी राहून एकदा बघ.