भाषणातून रात्र कापू नको

बाबू,

तुझं भाषण वाचलं, दोनदा वाचलं. तारखा बरोबर आहेत सगळ्या. 2 जुलै 2009 ला दिल्ली हायकोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 सज्ञानांच्या संमतीपुरतं हटवलं, 11 डिसेंबर 2013 ला सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं, 6 सप्टेंबर 2018 ला सज्ञान माणसांच्या संमतीपुरतं 377 गेलं, 17 ऑक्टोबर 2023 ला लग्नाचा हक्क नाकारला. पण खाली तू जे विचारलं ना, काका, बार, पार्क, बसस्टँड, मंडईच्या जत्रेतल्या रात्री हे ठेवू का काढू, लोक म्हणतील हे असलेच असतात, ते वाचून माझं डोकंच फिरलं. भीती समजते मला. हॉलमध्ये आपल्या गावचे दोन पोट्टे बसले असतील तर संध्याकाळपर्यंत बापाच्या कानावर जाईल. भाषण करतच नाही म्हणशील तर मी एक शब्द बोलणार नाही. पण करशील तर रात्र कापायची नाही.

सांगतो काहून. "1969 मध्ये अमेरिकेत आंदोलन झाले" एवढी एक ओळ लिहून तू मोकळा झाला. अरे कुठं झालं ते लिही ना! न्यूयॉर्कच्या ख्रिस्टोफर स्ट्रीटवर स्टोनवॉल इन नावाचा बार, चालवणारे माफियावाले, दारूचं लायसन नाही, आणि 28 जूनच्या मध्यरात्रीनंतर पोलिसांची धाड. धाडी नेहमीच्याच होत्या, लोक मान खाली घालून निघून जायचे, त्या रात्री गेले नाहीत, पुढच्या कित्येक रात्री रस्त्यावरच राहिले, आणि वर्षानं तिथूनच मोर्चा निघाला. आज जगभर जूनमध्ये जे प्राइड मोर्चे निघतात ते त्या बारच्या दारातून निघालेत. आणि तू बार काढून राहिला! 1973 च्या न्यूयॉर्कच्या प्राइड सभेत सिल्व्हिया रिव्हेरा स्टेजवर बोलायला उभी राहिली, रस्त्यावर राहिलेली, जेलमधल्या लोकांसाठी भांडणारी ट्रान्स बाई, तर समोरच्या गर्दीनं, आपल्याच लोकांनी, तिच्यावर आरडाओरडा केला. सभ्य दिसायची घाई तेव्हाही होती.

आपल्याकडचं बघ. 1992 ला दिल्लीत कनॉट प्लेसच्या सेंट्रल पार्कमधून पोलिसांनी पुरुषांना नुसत्या संशयावर उचललं, म्हणून 11 ऑगस्टला एड्स भेदभाव विरोधी आंदोलनाचे लोक पोलीस मुख्यालयासमोर जाऊन उभे राहिले. पार्क कापलं तर ते निदर्शन कशासाठी होतं ते सांगशील कसा? 2001 ला लखनौमध्ये कंडोम वाटणाऱ्या, एचआयव्हीचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना चाळीसहून जास्त दिवस जेलमध्ये ठेवलं, आणि नाझ फाउंडेशन ही संस्था त्याच वर्षी 377 विरुद्ध हायकोर्टात गेली. कंडोम कुठं वाटायचे, सांग? दिवसा ग्रामपंचायतीत? 1990 ला अशोक राव कवींनी मुंबईत बॉम्बे दोस्त हे आपल्या लोकांचं नियतकालिक काढलं, त्याच दशकात कुलाब्यात वूडू नावाच्या पबमध्ये शनिवारी रात्री आपले लोक नाचायचे. आपल्या भागातला एक जण तिकडं नोकरीला होता, दिवाळीला आला की तलावाच्या पाळीवर बसून सांगायचा, की तिथं पहिल्यांदा कोणाला न घाबरता हसलो. धान रोवण्याचं नाव न घेता चुरण्याचं, मळणीचं कौतुक करून राहिला तू.

आता आपलं, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं. हे तू एका शब्दानंही लिहिलं नाहीस, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, दंडार, खडी गंमत असले लोकनाट्याचे खेळ, वडशाच्या कंपन्यांची नाटकं, सगळं उजाडेपर्यंत. घरी सांगायला कारण पक्कं, नाटकाला गेलो होतो. अख्ख्या वर्षात तेवढ्याच रात्री कोणी विचारत नव्हतं की कुठं होतास, कोणासोबत होतास. दंडारीत साडी नेसून नाचणारे गडीच. ते सगळे आपले होते असं मी म्हणत नाही, बायकापोरांचे बाप होते त्यात, पण आपल्या माणसाला साडी नेसून गावासमोर उभं राहायला, शिट्ट्या घ्यायला तीच एक जागा होती. आमच्याकडं एक जण होता, पायात चाळ बांधले की सगळं पटांगण त्याचं. तो वारला तेव्हा घरच्यांनी साडी, चाळ, फोटो सगळं त्याच्यासोबत दिलं. त्याचं आयुष्य विचारायचं राहूनच गेलं. कोणत्या कोर्टाच्या निकालात सापडेल तो?

तू मागे विचारलं होतं, मी तोंडाला दुपट्टा बांधून काहून चालतो. नागपुरात 2016 पासून प्राइड निघतो, मी जातो, बांधूनच जातो. याला भीती म्हणणाऱ्यांनी इथं राहून दाखवावं. मी गाव सोडलं नाही, शेती सोडली नाही, आईला शेवटपर्यंत पाहिलं. पोलिसाची वर्दी घालून आलेल्या माणसानं एकदा "घरी सांगतो" म्हणून घड्याळ आणि अख्खा पगार घेतला, तरी पुढच्या मंडईला गेलोच. 377 चा खरा धंदा हाच होता, शिक्षा क्वचित, लुटालूट रोजची. इथं राहूनही मी कितीतरी पोरांना रात्री-बेरात्री फोनवर धरून ठेवलंय, तूही त्यातलाच. चेहरा उघडा नाही म्हणून माझं चालणं कमी होत नाही, आणि ते रात्रीचं होतं म्हणून आमचं जगणंही कमी होत नाही.

असो, जास्तच बोललो. थंडी पडून राहिली, छाती सांभाळ, जेवत जा वेळेवर.

तर भाषण नव्यानं लिही. सुरुवात 1992 च्या पार्कापासून कर, कोर्ट मागाहून येऊ दे. मंडईबद्दल लिहिताना गावाचं नाव नको, माणसाचं तर नकोच, नागपूरच्या जागाही नको, तिथं अजून पोरं जातात. पण रात्र पाहिजे. आणि पुढच्या रविवारी इकडं ये. दंडारीत नाचलेले दोघं अजून आहेत, सत्तरीच्या पुढचे, बोलायला तयार आहेत, मोबाईल बंद ठेवला तर. वही घेऊन ये. साकोलीहून शेवटची गाडी लवकर सुटते, मुक्कामाच्या तयारीनंच ये.

तुझा काका