वाचकांचे प्रश्न : म्युझिकल थिएटरला जायचंय, कॅम्पसवर जाऊन नेमकं बघायचं काय?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी यंदा बारावीला आहे. लहानपणापासून हिंदुस्थानी गाणं शिकलीये, मंडळाच्या गणपतीत दरवर्षी स्टेजवर असायची आणि हायस्कूलला गेल्यावर म्युझिकलचं जे वेड लागलं ते लागलंच. आता म्युझिकल थिएटरमध्ये बीएफएच (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स ही पदवी) करायचं म्हणते. ऑडिशनचा हिवाळा घरात कसा गेला ते आमचं आम्हाला माहीत. पण पेन स्टेट, सिरॅक्युज आणि मॉन्टक्लेअर स्टेट अशा तीन ठिकाणी ॲडमिशन मिळाली, आणि न्यूयॉर्कमधल्या एका कॉलेजात वेटलिस्टवर आहे. १ मेच्या आत ठरवायचंय. मिस्टरांचं म्हणणं मॉन्टक्लेअर, घराजवळ आहे आणि फी इन-स्टेट, म्हणजे त्याच राज्यात राहणाऱ्यांची कमी फी. मुलीला न्यूयॉर्क नाहीतर सिरॅक्युज. मला पेन स्टेटचा कॅम्पस फोटोतच आवडलाय. एप्रिलमध्ये तिन्हीकडे जाऊन यायचं ठरतंय, पण आम्ही दोघंही इंजिनिअर, तिथे जाऊन बघायचं काय आणि तुलना कशी करायची हेच कळत नाही.
— एक आई, एडिसन

उत्तर : आधी लेकीचं मनापासून अभिनंदन, कारण ज्यांना ही प्रोसेस माहीत नाही त्यांना तीन ॲडमिशन म्हणजे काय ते कळणार नाही. आधी प्रीस्क्रीनचे व्हिडिओ, त्यात दोन गाणी, मोनोलॉग, डान्स, त्यातून पुढे गेलं तर जानेवारी-फेब्रुवारीत न्यूयॉर्क, शिकागो नाहीतर लॉस एंजेलिसच्या युनिफाइड्सना (अनेक कॉलेजांच्या एकत्र ऑडिशन) जाऊन हॉटेलातल्या खोलीत दीड-दोन मिनिटांत स्वतःला दाखवायचं, आणि एकेका प्रोग्रॅमला सीट मोजक्याच. अभ्यासाच्या मार्कांवर युनिव्हर्सिटी घेते पण डिपार्टमेंट नाही म्हणतं असंही होतं. तेव्हा पोरगी तयारीची आहे यात शंका नको.

आता कॅम्पस. तुम्हाला जी टूर देतात ती युनिव्हर्सिटीची असते, तुमच्या मुलीच्या चार वर्षांची नसते. टूरवाला मुलगा लायब्ररी दाखवेल, जिम दाखवेल, हिरवळ आणि जुनी दगडी बिल्डिंग दाखवेल, आणि तुम्ही फोटो काढाल. म्युझिकल थिएटरची पोरं सकाळी बॅले क्लासला एका बिल्डिंगमध्ये शिरतात आणि तालीम संपवून रात्री दहा-साडेदहाला बाहेर पडतात. तुलना त्या बिल्डिंगची करायची, आणि तिथून झोपायच्या खोलीपर्यंतच्या रस्त्याची. बाकी कॅम्पस सुंदर असला तर चांगलंच, पण त्यावर ठरवू नका हे मी अगदी कळकळीने सांगते, कारण एप्रिलच्या उन्हात सगळेच कॅम्पस छान दिसतात.

सिरॅक्युजचंच घ्या. तिथली ड्रामाची इमारत मेन कॅम्पसवर नाहीच, टेकडी उतरून खाली ईस्ट जेनेसी स्ट्रीटवर आहे, सिरॅक्युज स्टेज नावाच्या प्रोफेशनल थिएटरबरोबर एकाच कॉम्प्लेक्समध्ये. हा त्या प्रोग्रॅमचा मोठा फायदा, कारण पोरांना शेजारीच पगारी नट, पगारी डिझायनर काम करताना दिसतात. पण युनिव्हर्सिटीची टूर वरच्या वर फिरवून आणते, तुम्ही मुद्दाम खाली चालत जा. आणि हे चालणं जानेवारीत कसं असेल याचा विचार करा, सिरॅक्युज हे अमेरिकेतल्या सर्वात जास्त बर्फ पडणाऱ्या मोठ्या शहरांपैकी एक आहे आणि गाणाऱ्या मुलीचा घसा, कोरडी थंडी, हीटरची हवा हे सगळं रोजचं होणार. म्हणून जाऊ नये असं अजिबात नाही, ह्युमिडिफायर आणि चांगले बूट घेऊन हजारो मुलं राहतात, पण तुम्हाला ते आधी माहीत असावं. मिशिगनचंही असंच आहे, तिथला म्युझिकल थिएटरचा विभाग नॉर्थ कॅम्पसवर, बाकीचं कॉलेज-जीवन सेंट्रल कॅम्पसवर, आणि मधे बस. तुमच्या यादीत ते नाही, पण इतर वाचकांसाठी सांगितलं.

पेन स्टेट उलट. सगळं एका प्रचंड कॅम्पसवर, आणि कॅम्पसच्या बाहेर छोटंसं गाव आणि डोंगर. न्यूयॉर्क गाडीने चार तासांच्या आसपास. कोणी म्हणेल नाटकवाल्यांनी असल्या आडगावी काय करायचं, पण मला वाटतं अठराव्या वर्षी चार वर्षं निवांत शिकायला मिळणं, पोरं एकमेकांचीच होऊन राहणं, यालाही किंमत आहे. तिथलं स्टेडियम एक लाखाच्या वर माणसांचं आहे, फुटबॉलच्या शनिवारी हॉटेलचे दर बघून डोळे पांढरे होतात, तेव्हा पुढे तिचे प्रयोग बघायला जाणार असाल तर ते वेळापत्रकही बघून ठेवायला लागेल.

मॉन्टक्लेअर म्हणजे टेकडीवरचा कॅम्पस, काही ठिकाणांहून मॅनहॅटनची स्कायलाइन दिसते, आणि कॅम्पसचं स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे. हाताशी न्यूयॉर्क, म्हणजे वर्षभर रश तिकिटांवर (प्रयोगाच्याच दिवशी मिळणारी स्वस्त तिकिटं) नाटकं बघणं, न्यूयॉर्कच्या डान्स स्टुडिओत जाऊन क्लास करणं हे सगळं जमतं. फक्त शनिवार-रविवारच्या गाड्यांचं टाइमटेबल आधी बघा, आठवड्याच्या दिवसांसारखं ते नसतं. आणि एक धोका आईबाबांच्या बाजूने आहे, घर जवळ असलं की दर वीकेंडला मुलगी घरी हवी असं वाटायला लागतं. तालमी वीकेंडलाही असतात. तिथे घातलं तर ती चार तास लांब आहे असं समजून वागावं लागेल.

वेटलिस्टवालं न्यूयॉर्कचं कॉलेज कुठलं ते तुम्ही लिहिलं नाही, पण तिथल्या बहुतेक ठिकाणी फाटक-हिरवळवाला कॅम्पस नसतोच, शहर हाच कॅम्पस. एनवाययूमध्ये (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी) तर एकाच युनिव्हर्सिटीत दोन वेगळे रस्ते आहेत, टिश या विभागातला स्टुडिओ आणि स्टाइनहार्ट या दुसऱ्या विभागातला संगीताच्या बाजूने जाणारा, दोन्हीकडचा दिवस वेगळा. वेटलिस्टसाठी थांबा, पण १ मेच्या आत दुसरीकडे डिपॉझिट भरून ठेवा, त्यात काही गैर नाही, सगळे असंच करतात. वेटलिस्ट उघडलं तर ते डिपॉझिट जाईल, तेवढं धरून चाला.

आता तिथे गेल्यावर. ॲडमिटेड स्टुडंट्स डे असतो तो टाळता आला तर टाळा, किंवा त्याला जोडून एक साधा मंगळवार-बुधवार काढा. त्या खास दिवशी फुगे असतात, मोफत टी-शर्ट असतात, सगळे हसत असतात. डिपार्टमेंटला ईमेल करून सांगा की आम्हाला एक डान्स क्लास, एक ॲक्टिंग किंवा व्हॉइसचा क्लास बसून बघायचाय आणि जमलं तर मुलीला एखाद्या सरांकडे ट्रायल लेसन हवाय. बरेच ठिकाणी हो म्हणतात.

डान्स स्टुडिओत गेलात की फरशीकडे बघा. खाली हवा सोडलेली, जरा दबणारी स्प्रंग फ्लोअर आहे का सरळ काँक्रीटवर लिनोलियम चिकटवलंय हे टाचेने दोनदा आपटलं की इंजिनिअर माणसाला लगेच कळेल, एक पोकळ वाजते, दुसरी मुकी. चार वर्षं रोज टॅप आणि जॅझ करणाऱ्या गुडघ्यांचा प्रश्न आहे. मग रात्री आठच्या पुढे प्रॅक्टिस रूमच्या कॉरिडॉरमध्ये उभे राहा, नुसते दहा मिनिटं. खोल्या भरलेल्या आहेत का, पोरं बाहेर वाट बघत जमिनीवर बसलीयेत का, पियानो सुरात आहेत का, हे शेवटचं तर तुमच्या मुलीच्या कानाला दोन सेकंदात कळेल. कॉलबोर्डवर कास्ट लिस्ट लागलेल्या असतात त्या वाचा आणि कोणाला तरी विचारा, यातली फर्स्ट इयरची किती? काही ठिकाणी पहिल्या सेमिस्टरला किंवा पूर्ण वर्ष नव्या मुलांना कास्ट करतच नाहीत, त्यामागे कारण असतं, आधी शिका मग स्टेजवर या, पण हायस्कूलमध्ये लीड करणारी मुलगी एक वर्ष पडदे ओढणार असेल तर तिला ते आधी कळलेलं बरं.

मुलांशी बोलताना तुम्ही आईबाबा कॉफी प्यायला जा. खरंच जा. तुमच्यासमोर कोणी काही बोलणार नाही. लेकीला एवढंच विचारायला सांगा : सोलो व्हॉइस लेसन आठवड्याला किती वेळ मिळतो आणि टीचर दरवर्षी बदलतात का, वर्षाअखेरच्या ज्युरीत (शिक्षकांसमोरची परीक्षा) कोणाला काढून टाकतात का, आजारी पडलं किंवा घसा बसला तर काय करतात, शेवटच्या वर्षी न्यूयॉर्कला शोकेस (एजंट आणि कास्टिंगवाल्यांसमोरचा प्रयोग) होतो का आणि त्याचा खर्च कोण करतं. आणि गेल्या तीन-चार वर्षांच्या प्रयोगांचे फोटो बघायचे, आपल्यासारख्या दिसणाऱ्या मुलांना काय काय भूमिका मिळाल्या. एखादी सावळी मुलगी नायिका झालीये का ती कायम मैत्रीणच आहे. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो मला माहितीये, तरी विचारा, चांगलं डिपार्टमेंट त्यावर मोकळेपणाने बोलतं.

तिच्या हिंदुस्थानी गाण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण माझ्या मते हीच ट्रायल लेसनमधली खरी परीक्षा. आपल्याकडची मुलं सुराला पक्की असतात, दम असतो, पण बेल्टिंग (छातीच्या जोरदार आवाजात वरचे सूर), मिक्स (छातीचा आणि डोक्यातला आवाज मिसळून गाणं) आणि इंग्लिश शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचवणं हे वेगळं तंत्र. एक टीचर म्हणेल ते सगळं विसर, नव्याने सुरू करू. दुसरा म्हणेल जरा एक आलाप गाऊन दाखव, हे तू घशात कुठे करतेस? मला विचाराल तर ज्या कॉलेजात दुसरा टीचर भेटेल तिथे घाला, बाकी सगळं समान असेल तर. संगीत नाटकाची १८८० पासूनची परंपरा असलेल्या लोकांच्या मुलीला गाणं आणि अभिनय एकत्र करणं परकं नाही, आणि ते तिने टाकून द्यावं असं मला वाटत नाही.

पैशाचं शेवटी लिहितेय पण कमी महत्त्वाचं नाही. सिरॅक्युज प्रायव्हेट, राहण्या-खाण्यासकट छापील खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर. पेन स्टेट सरकारी असलं तरी तुम्हाला आउट-ऑफ-स्टेट. तेव्हा छापील आकडे बाजूला ठेवा आणि प्रत्येकाच्या एड लेटरमधली (आर्थिक मदतीचं पत्र) कर्ज सोडून बाकीची मदत खर्चातून वजा करून जे भरायचं उरतं ते एका कागदावर चार वर्षांचं मांडा. स्कॉलरशिप दरवर्षी मिळणार का, त्याला जीपीएची (सरासरी गुणांची) अट आहे का ते लेखी घ्या. वर डान्सचे बूट, हेडशॉट, उन्हाळ्यातले प्रोग्रॅम. नटाचं पहिलं काही वर्षांचं उत्पन्न बेभरवशाचं असतं, त्यात महिन्याला मोठा हप्ता असेल तर पोरगी ऑडिशनला जाण्याऐवजी शिफ्ट घेत बसते. या बाबतीत तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला पटतं. कॉलेजची आर्थिक तब्येतही विचारा. फिलाडेल्फियाची युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स, जिथे म्युझिकल थिएटरही शिकवत होते, २०२४ मध्ये आठवडाभराच्या नोटिशीवर जूनमध्ये बंद पडली आणि मुलं रस्त्यावर आल्यासारखी झाली. मोठ्या युनिव्हर्सिटीत ही भीती कमी, छोट्या स्वतंत्र आर्ट कॉलेजात जास्त.

एवढं सगळं करून माझा कल विचाराल तर, मॉन्टक्लेअर आणि दुसऱ्या दोघांत चार वर्षांचा फरक कर्ज काढून भरावा लागणार असेल तर मॉन्टक्लेअर, आणि वाचलेल्या पैशात तिला पदवीनंतर न्यूयॉर्कमध्ये खोली घेऊन द्या. फरक स्कॉलरशिपने मिटत असेल तर सिरॅक्युज, त्या प्रोफेशनल थिएटरच्या शेजारासाठी. पण ट्रायल लेसन झाल्यावर गाडीत बसल्या बसल्या लेकीचा चेहरा कसा आहे त्यापुढे माझा कल काही नाही.

प्रश्न : मी पुण्यात बारावीला आहे, एकांकिका स्पर्धा करतो, गातो. मलाही अमेरिकेत म्युझिकल थिएटर करायचंय पण कॅम्पस बघायला जाणं शक्यच नाही. मग तुलना कशी करायची?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : कॅम्पस न बघता जाणारा तू पहिला नाहीस, घाबरू नको. बरीच कॉलेजं आता ऑडिशनही व्हिडिओवर किंवा लाइव्ह ऑनलाइन घेतात, तेव्हा त्याच लोकांना लिही की एखाद्या सध्याच्या विद्यार्थ्याशी व्हिडिओ कॉल करून द्या, शक्यतो परदेशातून आलेल्या. त्याला म्हण, फोन हातात घेऊन मला तालमीच्या जागेपासून तुझ्या खोलीपर्यंत चालत दाखव, रात्रीचं. त्या पंधरा मिनिटांत वेबसाइटपेक्षा जास्त कळेल.

तुझ्यासाठी खरी तुलना दोन गोष्टींची. एक म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना पैशाची मदत मिळते का, कारण सरकारी मदत तुला लागू नाही आणि पुष्कळ कॉलेजं परदेशी मुलांना फक्त थोडी मेरिट स्कॉलरशिप देतात. दुसरं व्हिसाचं. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) शिकताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि बाहेर उन्हाळ्यात पैसे घेऊन नाटकात काम करायचं तर आधी परवानगी लागते. पदवीनंतर ओपीटी (आपल्या विषयात काम करायची परवानगी) मिळतं ते १२ महिन्यांचं, इंजिनिअरिंगवाल्यांना वर जी दोन वर्षं वाढवून मिळतात ती आपल्याला नाहीत. म्हणून प्रत्येक कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला सरळ विचार की तुमच्याकडून या विभागाची परदेशी मुलं गेल्या काही वर्षांत बाहेर पडली, त्यांनी ते १२ महिने कसे वापरले. ज्या ऑफिसला हे सांगता येतं तिथे तुझ्यासारख्यांची काळजी घेणारं कोणीतरी बसलंय.

अर्ज यंदा करायचे असतील तर प्रीस्क्रीन व्हिडिओच्या तारखा बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास असतात, तेव्हा एकांकिकेच्या सीझनमध्येच गाणी रेकॉर्ड करायला वेळ काढावा लागेल. साध्या भिंतीसमोर, पूर्ण शरीर दिसेल असं, आणि पियानोची साथ फोनपासून जरा लांब ठेव म्हणजे तुझा आवाज झाकला जाणार नाही.