'शुक्रवारपर्यंत': 'बाय' की 'टिल'?

प्रश्न असा आला आहे: 'शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवतो' हे इंग्रजीत कळवताना 'टिल फ्रायडे' लिहिलं. सहकारी म्हणाली, 'बाय फ्रायडे' हवं. दोन्हींचा अर्थ 'पर्यंत'च ना?

सहकारी बरोबर आहे. पण ही चूक का होते ते पाहण्यासारखं आहे, कारण तिचं मूळ आपल्या 'पर्यंत'मध्ये आहे.

'मी पाचपर्यंत येतो' आणि 'मी पाचपर्यंत थांबतो' ही वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. येणं एकदाच घडतं, पाच वाजेपर्यंत केव्हाही. थांबणं मात्र पाच वाजेस्तोवर चालू राहतं. 'पर्यंत' दोन्हीकडे तेच, फरक क्रियापद सांगतं. इंग्रजी याच फरकासाठी दोन वेगळे शब्द ठेवते: येण्याला 'बाय', थांबण्याला 'टिल'.

मराठीला हा फरक कळत नाही असं मुळीच नाही. 'रविवारपर्यंत पुस्तक वाच' यात थोडी संदिग्धता आहे. 'वाचून काढ' म्हटलं की 'बाय', 'वाचत राहा' म्हटलं की 'टिल'. 'दुकान दहापर्यंत उघडेल' आणि 'दुकान दहापर्यंत उघडं राहील' यांत आपली कधीच गफलत होत नाही. 'काढ', 'राहा' ही छोटी क्रियापदं किती काम करतात! नकार आला की आणखी गंमत: 'पाचपर्यंत येऊ नकोस' इथे तेच 'येणं' असूनही 'टिल' लागतं, कारण न येणं ही पाचपर्यंत टिकणारी स्थिती आहे.

अडलं तर 'पर्यंत'ऐवजी 'उशिरात उशिरा' घालून पाहा. 'उशिरात उशिरा शुक्रवारी पाठवतो' हे चपखल बसतं, म्हणून 'बाय'. 'उशिरात उशिरा पाचला थांबतो' बसत नाही, म्हणून 'टिल'.

'बाय फ्रायडे'मध्ये शुक्रवार सहसा धरलेला असतो. तरी मुदत महत्त्वाची असेल तर आपल्या सरकारी जाहिरातींसारखं 'रोजी किंवा त्यापूर्वी' या अर्थाचं 'ऑन ऑर बिफोर' लिहावं.

'बाय'चा जुना अर्थ 'जवळ, बाजूला'. 'बाय द विंडो' म्हणजे खिडकीजवळ, 'बायस्टँडर' म्हणजे बाजूला उभा असलेला. जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'बाय' आजही 'जवळ' या अर्थाने वापरतात. बाकी 'बसने' आणि 'दहा टक्क्यांनी वाढलं' इथे आपला तृतीयेचा प्रत्यय 'बाय'चं काम सहज करतो.

मोजमापातला 'बाय' तर आपण मराठीच करून टाकला आहे: दहा बाय दहाची खोली, वन बाय टू सूप, ब्लाउजचं टू बाय टू. सोसायटीच्या 'बायलॉज'मधला 'बाय' मात्र बहुधा या घराण्यातला नाही. तो स्कँडिनेव्हियन भाषांतल्या 'गाव' या अर्थाच्या शब्दापासून आला असावा, इंग्लंडमधल्या डर्बी, व्हिटबी या गावांच्या नावांत शेवटी दिसतो तोच. म्हणजे 'बायलॉ' हा मुळात गावचा कायदा.